फासा आणि निवड

इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न तत्त्वज्ञांच्या चर्चेतून निघून विजेच्या तारांपर्यंत पोहोचला, तो ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञांमुळे. १५ मे १९५१ रोजी बी.बी.सी.च्या नभोवाणीवर त्यांनी भाषण केले. विषय होता, संगणक विचार करू शकतील काय? संगणक आज्ञावलीबरहुकूम चालतो. ती एकदा ठरली, की त्याची प्रत्येक कृती ठरलेलीच. मग मनुष्याच्या मेंदूशी त्याची बरोबरी कशी व्हावी? अडचण जुनीच होती. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्राविषयी १८४३ मध्ये लिहिताना एडा लव्हलेस यांनी, यंत्र स्वतःहून काही नवे निर्माण करीत नाही, असे बजावून ठेवले होते.

ट्युरिंग यांनी सुचवलेला एक उपाय मोठा गमतीचा आहे. यंत्रात जुगाराच्या चक्रासारखे किंवा रेडियमसारखे काही बसवावे, म्हणजे त्याचे वर्तन आधी सांगता येणार नाही! हा केवळ कल्पनाविलास नव्हता. त्याच वर्षी मँचेस्टर विद्यापीठात आलेल्या फेरांटी मार्क १ या संगणकात त्यांच्याच सूचनेवरून यादृच्छिक अंक निर्माण करण्याची सोय केलेली होती.

परंतु अंदाज बांधता न येणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. छापा-काटा करून वाट ठरवणारा मनुष्य अधिक स्वतंत्र नसतो. उलट त्याने आपली इच्छा नाण्याच्या हवाली केलेली असते. आज प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या संगणकीय भाषा-प्रारूपांतही असाच फासा असतो. पुढे येऊ शकणाऱ्या शब्दांतून एक शब्द, संभाव्यतेनुसार, सोडत काढल्याप्रमाणे उचलला जातो. ‘तापमान’ नावाचा एक आकडा कमी केला, की उत्तरे ठरावीक होतात. फार वाढवला, की भरकटतात. खुंटी पिळून कमी-अधिक होणाऱ्या गोष्टीला इच्छा कशी म्हणावी?

जॉन मॅकार्थी या अमेरिकन संशोधकांनी फासा बाजूला ठेवला. कृत्रिम बुद्धिमत्तेला तिचे इंग्रजी नाव दिले तेही त्यांनीच. बुद्धिबळ खेळणारा संगणक पाहावा. घोडा पुढे नेता येईल, नेला तर वजीर जाईल, म्हणून नको. त्याची निवड संपूर्णपणे नियमबद्ध असते. तरीही त्याच्यापुढे अनेक वाटा असतात आणि एक सोडून बाकीच्या तो हिशेबाने नाकारतो. मॅकार्थी यांच्या दृष्टीने इच्छास्वातंत्र्याचा हा प्राथमिक नमुना होय. ‘मला हे करता येते, पण मी करणार नाही’, असे यंत्राला स्वतःविषयी जाणता येणे, ही त्यावरची पायरी. फाशापेक्षा हा विचार कितीतरी सरस आहे, कारण त्यात नकाराला कारण आहे.

एक गोष्ट मात्र त्यातूनही निसटते. डाव जिंकायचा, हे यंत्राने ठरवलेले नसते आणि हरल्याने त्याचे काही जातही नाही. अर्जदाराचे मात्र जाते. कर्जाचा अर्ज नाकारला गेला, की कारण विचारायला त्याला समोर कोणीतरी हवे असते. ‘संगणकाने ठरवले’, असे उत्तर खिडकीपलीकडून मिळते, तेव्हा ती निवड नेमकी कोणाची असते? नियम लिहिणाऱ्याची, उद्दिष्ट आखणाऱ्याची, की ते यंत्र कामाला लावणाऱ्या संस्थेची? यंत्राच्या इच्छेविषयीचा वाद रंगला, की ही माणसे सोयीस्करपणे पडद्याआड जातात.