मिळून म्हणजे काय?

चौथीच्या वर्गाला मी वर्षानुवर्षं एकच सूचना देत आले : "चौघाचौघांचे गट करा आणि सगळे मिळून जिल्ह्याचा नकाशा काढा." पोरं लगेच बाकं ओढायला लागायची. त्या वर्षी एकाने कानांवर हात घट्ट दाबून धरले. बाकांची करकर थांबल्यावर त्याने विचारलं, "बाई, मिळून म्हणजे काय करायचं?" मी म्हटलं, "मिळून म्हणजे सगळ्यांनी रे!" त्याने मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाही. प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, 'गटकार्यात भाग घेत नाही.' ते वाक्य मला अजून बोचतं.

तो मुलगा ऑटिस्टिक होता. ऑटिझमला आपण स्वमग्नता म्हणतो. मला तो शब्द पटत नाही. त्याचे कान गटातल्या बाकी तिघांच्याही बोलण्याकडे होते. एकाच वेळी तिघं बोलायला लागले की कुणाला धरायचं, हे त्याला उमगत नव्हतं.

१९७१ साली अमेरिकेत, ऑस्टिनच्या शाळांमधली वांशिक तेढ कमी व्हावी म्हणून इलियट अ‍ॅरन्सन यांनी जिगसॉ पद्धत आणली. धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे. एकाचाही तुकडा राहिला, तर गटाचं काम अडतं. मी तीच धरली.

बाकांना हात लावला नाही. व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या, चौघांना चार चिठ्ठ्या दिल्या. त्याच्या चिठ्ठीत होतं : 'कृष्णा, कोयना, वेण्णा निळ्या रंगाने काढ. नावं लिही. मोठा काटा सहावर आला की थांब.' गावं शेजारच्या मुलीकडे होती. नद्यांशिवाय ती मांडणार कुठे? बाकी तिघांना एकच नियम घातला : त्याला काही विचारलं की मनात दहा अंक मोजायचे, मध्ये बोलायचं नाही. तो पाळणं सगळ्यांत जड गेलं ते मला. शिक्षकाला शांतता सोसवत नाही.

"कराडचा ठिपका कुठे देऊ?" तिने विचारलं. पलीकडच्या मुलाने उत्तरासाठी तोंड उघडलं, तशी तिने हातानेच त्याला थांबवलं. माझ्या मनात सात झाले, आठ झाले.

"कृष्णा-कोयना समोरासमोर येतात तिथे," तो म्हणाला. "तिरक्या नाही. समोरासमोर."

मग त्याने प्रीतिसंगमावर बोट टेकवलं आणि तिची पेन्सिल तिथे पोचेपर्यंत उचललं नाही. चिठ्ठीत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.