सही करण्याआधी

चि. भाच्यास,


नटाने ऐन उमेदीत घेतलेला एखादा निर्णय पुढे त्यालाच कसा जड जातो, याचं मराठी माणसाच्या बाबतीतलं पहिलं ठळक उदाहरण म्हणजे मास्टर विठ्ठल. नाटक कंपनीत लहानपणी काम केलेला हा मुलगा कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाला आणि मुंबईत शारदा फिल्म कंपनीचा नायक झाला. तलवारबाजी, घोडेस्वारी, उंचावरून उड्या हे त्याचं भांडवल. पडदा मुका होता, म्हणून गुजराती, मराठी, हिंदी असा कुठलाही प्रेक्षक त्याला आपला मानत असे. बोलपटाची तयारी सुरू झाली तेव्हा अर्देशीर इराणी यांच्या ‘आलम आरा’त नायक व्हायची संधी समोर आली आणि विठ्ठल यांनी शारदाशी केलेला करार मोडला. शारदाने खटला भरला. विठ्ठल यांच्या वतीने बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले आणि त्यांनी तो जिंकला.

कोर्टात सुटका झाली, पडद्यावर मात्र अडचण झाली. बोलपटाला लागणारी हिंदी-उर्दू विठ्ठल यांच्या जिभेवर बसलेली नव्हती. त्या काळी आवाज चित्रीकरणाच्या वेळीच टिपला जाई. स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्यामुळे बरंचसं काम गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर करावं लागे. माइक नटांच्या आसपास लपवलेले असत आणि उच्चार चुकला तर तो नंतर झाकायची सोय नव्हती. उपाय असा काढला गेला की नायक बराच वेळ भारल्यासारखा, अर्धवट शुद्धीत दाखवायचा, म्हणजे त्याला बोलायला नको. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये भारताचा पहिला बोलपट लागला तेव्हा त्याचा नायक जवळपास गप्प होता. विठ्ठल यांनी पुढेही बरीच वर्षं काम केलं, पण मारधाडीच्या आणि नंतर दुय्यम भूमिकांत. १९६९ मध्ये ते गेले तेव्हा एके काळी त्यांना सोडायला नको म्हणून एक कंपनी कोर्टात गेली होती, हे फार थोड्यांना आठवत असेल.

अर्देशीर इराणी यांच्याच इंपीरियल कंपनीतली सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, नेमक्या याच अडचणीत सापडली होती. ती बगदादी ज्यू घराण्यातली, आधी टेलिफोन ऑपरेटर, नंतर मूकपटांची महिना ५ हजार रुपये मिळवणारी तारका. हिंदुस्तानी तिलाही येत नव्हती. तिने सुमारे वर्षभर काम थांबवलं, भाषा शिकली आणि १९३२ च्या ‘माधुरी’तून परत आली. तेव्हाच्या धंद्यात वर्षभर पडद्यावर न दिसणं म्हणजे विस्मरणाला आमंत्रण होतं. तरीही तिचा हिशेब बरोबर ठरला, कारण आपल्याजवळ काय नाही हे तिने आधी पाहिलं. विठ्ठल यांच्यापुढे मात्र नव्या करारातून काय हाती येणार तेवढंच होतं. काय हातचं जाणार ते कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

बालगंधर्वांचा निर्णय याहून कितीतरी दुखरा आहे आणि त्याच्यापाशी जरा थांबायला हवं. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू, ‘मानापमान’मधली भामिनी यांनी दोन पिढ्यांना वेड लावलं. कंपनीचा थाट संस्थानिकाला शोभेल असा होता. खरे भरजरी शालू, उंची अत्तरं, सारंगीला कादरबक्ष, तबल्याला अहमदजान थिरकवा. प्रयोग रात्री सुरू होई आणि वन्स मोअर पडत पडत पहाट होई. एखादं पद कितीदा म्हणायचं हे त्या रात्रीचा प्रेक्षक आणि गंधर्व मिळून ठरवत. कर्ज कंपनीवर पूर्वीही मोठं झालं होतं आणि ते त्यांनी नाटकं करूनच फेडलं होतं.

१९३०नंतर मात्र बोलपटांनी गावोगावची थिएटरं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. तिकीट स्वस्त, गाणी भरपूर आणि कंपनीचा पन्नास-साठ माणसांचा बिऱ्हाडासकट मुक्काम सांभाळायला नको. कर्ज पुन्हा चढलं. १९३४ च्या सुमारास बालगंधर्वांनी कंपनी थांबवली आणि पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीशी भागीदारीचा करार केला. सहा चित्रपट ठरले होते. पहिला ‘धर्मात्मा’, दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णरावांचं, भूमिका संत एकनाथांची. चित्रपटाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं, पण त्यात गांधीजींची सूचना दिसते म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली आणि १९३५ मध्ये तो नव्या नावाने लागला.

ज्या माणसाने तीस वर्षं नऊवारीत रंगमंच गाजवला, तो सत्तेचाळिसाव्या वर्षी पुरुषवेषात कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. समोर प्रेक्षक नाही. पदाला मोजकी मिनिटं. ‘कट’ म्हटलं की गाणं तिथेच तुटणार आणि पुढचा तुकडा कदाचित दुसऱ्या दिवशी. बालगंधर्वांचं गाणं ज्यावर वाढत होतं ती प्रत्येक गोष्ट स्टुडिओच्या दाराबाहेर राहिली होती. प्रभातने त्यांना फसवलं नाही, शांतारामांनी हयगय केली नाही. चित्रपट विचाराने धाडसी होता, अस्पृश्यतेवर स्पष्ट बोलणारा होता. तरी गंधर्व त्यात पाहुण्यासारखे वाटतात. एका चित्रपटावर दोन्ही बाजूंनी करार आवरता घेतला. १९३७ मध्ये बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात पडद्यावर आले, पण रंगमंचावर जे खपलं होतं ते कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ खपेना.

ते रंगभूमीवर परत आले, पण मधल्या काळात तिची घडी विस्कटली होती. कंपनीची माणसं पांगली होती, वय पन्नाशीला आलं होतं आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात असा लोकांचा कल पक्का होत चालला होता. गोहरबाई कर्नाटकी कंपनीत आल्या आणि नायिकेच्या भूमिका हळूहळू त्यांच्याकडे गेल्या. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं, पण शेवटची वर्षं आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं. पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर उघडलं ते त्यानंतर वर्षभराने. सिनेमाचा करार केलाच नसता तर गंधर्व मंडळी तगली असती असं म्हणणं धाडसाचं होईल, कारण त्या दशकात संगीत नाटकाच्या कंपन्या एकामागून एक बसत होत्या. तरीही पडद्याची वाट धरताना कंपनीचं दार पूर्ण लावून घ्यायला नको होतं, हे म्हणण्यावाचून राहवत नाही.

‘धर्मात्मा’शेजारी ‘संत तुकाराम’ ठेवला की चित्र अधिक उलगडतं. तीच प्रभात, तेच पुणं, अवघ्या वर्षाचं अंतर. १९३६ मध्ये दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी तुकारामाच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांना घेतलं. पागनीसही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट. म्हणजे स्त्रीपार्टी नटाला पडदा सोसत नाही, हे खरं नव्हे. पागनीसांचा ओढा भजनाकडे होता, गाणं साधं आणि नाकासमोर चालणारं होतं, त्याला समोरच्या दादेची गरज नव्हती आणि पाठीवर मोठ्या कंपनीचं ओझं नव्हतं. चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पागनीसांनाही त्याची किंमत मोजावी लागली. ‘तुलसीदास’, ‘नरसी भगत’ असे संतच त्यांच्या वाट्याला येत राहिले आणि १९४३ मध्ये ते गेले.

मोठ्या यशानंतरचा निर्णयही जड जाऊ शकतो, तो भगवानदादांना गेला. गिरणी कामगाराचा मुलगा भगवान आबाजी पालव मूकपटांच्या अखेरीस पडद्यावर आला. पुढे दहा-बारा वर्षं त्याने कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढले. ते कामगारवस्तीतल्या थिएटरांत हमखास चालत. चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा राहिला. राज कपूर यांनी सामाजिक चित्रपट कर असं सुचवलं आणि १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. नायक भगवान, नायिका गीता बाली, संगीत जुने मित्र सी. रामचंद्र यांचं आणि भगवानदादांना पडद्यावर आवाजही त्यांचाच, चितळकर या नावाने. चित्रपटाने धो धो पैसा दिला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला आणि आठवड्याच्या सात वारांना सात गाड्या.

यानंतरचा निर्णय समजून घेण्यासारखा आहे. ‘अलबेला’ कशामुळे चालला, याचं उत्तर भगवानदादांनी ‘मी, गीता बाली आणि सी. रामचंद्रांचं संगीत’ असं काढलं असावं, कारण १९५३ चा ‘झमेला’ त्याच मालमसाल्याने रांधला होता. तो तेवढा चालला नाही. मग पुढचे चित्रपटही स्वतःच काढायचे, स्वतःच दिग्दर्शित करायचे आणि स्वतःचाच पैसा घालायचा असं सुरू झालं. मारधाडपट स्वस्तात आणि झटपट होई, म्हणून एखादा पडला तरी दुसरा सावरून घेई. रंगीतसंगीत सामाजिक चित्रपटाला फायनान्सरचा पैसा लागतो आणि त्याचं व्याज महिन्यावर चढतं. चित्रीकरण लांबलं की चित्रपट लागण्याआधीच नफा संपलेला असतो. किशोरकुमार यांना घेऊन सुरू केलेला ‘हँसते रहना’ अर्धवट राहिला आणि त्यात साठवलेलं सगळं गेलं. १९६६ चा ‘लाबेला’ही पडला. बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला. मुक्काम पुन्हा दादरच्या चाळीत आला.

चेंबूरलाच राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ होता. १९७० मध्ये ‘मेरा नाम जोकर’ने त्यांनाही जवळजवळ बुडवलं. त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या पुढच्या चित्रपटात नायक म्हणून स्वतः उभं न राहता ऋषी कपूर आणि डिंपल कापडिया ही कोवळी जोडी आणली. १९७३ च्या ‘बॉबी’ने स्टुडिओ वाचवला. चेहऱ्याचे दिवस संपले तरी दिग्दर्शकाचे उरलेले असू शकतात, हे ओळखणं नटाला सर्वांत अवघड जात असावं. भगवानदादा पडद्यापासून दूर झालेच नाहीत. नायक नाही तर गर्दीतला एक, अशी मिळतील ती कामं ते शेवटपर्यंत करत राहिले. चाळीतल्या दिवसांतही गणपतीची मिरवणूक त्यांच्या दारापाशी थांबे. बँडवाले ‘अलबेला’चं गाणं धरत आणि म्हातारा माणूस खाली येऊन तेच दोन पायांचं आळसावलेलं पाऊल टाके. पुढच्या कितीतरी नायकांनी ते पाऊल उचललं. ४ फेब्रुवारी २००२ रोजी भगवानदादा गेले.

सगळेच गेलेले मोके चुका म्हणून मोजता येत नाहीत. ‘शोले’मधला गब्बर आधी डॅनी डेंझोंगपा यांच्याकडे गेला होता. त्यांच्या तारखा फिरोज खान यांच्या ‘धर्मात्मा’ला दिलेल्या होत्या. नाव तेच, १९३५ च्या मराठी चित्रपटाशी संबंध काही नाही. फिरोज खान यांच्या चित्रपटाचं चित्रीकरण अफगाणिस्तानात होतं. डॅनी यांनी दिलेला शब्द पाळला, गब्बर अमजद खान यांच्याकडे गेला आणि पुढे जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे. डॅनी यांचं मात्र काही अडलं नाही. ‘अग्निपथ’मधला कांचा चीना त्यानंतर पंधरा वर्षांनी आला. दिलेल्या तारखा मोडणारा नट या धंद्यात ओळखला जातो आणि ती ओळख गब्बरनेही पुसली गेली नसती.

लक्ष्मीकांत बेर्डे यांचं उदाहरण अलीकडचं आणि म्हणून अधिक जवळचं. ‘टुरटूर’ने रंगभूमीवर नाव दिलं, ‘धूमधडाका’, ‘अशी ही बनवाबनवी’ यांनी घराघरांत पोचवलं. १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’नंतर हिंदीत मागणी वाढली, पण तिथे त्यांच्यासाठी जागा होती ती मित्राची आणि नोकराची. जो मराठीत आख्खा चित्रपट पेलत होता, तो हिंदीत ट्रे घेऊन दारातून आत येत होता. १९९२ मध्ये जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’मध्ये त्यांनी तमाशातल्या सोंगाड्याची भूमिका केली. संवाद पु. ल. देशपांडे यांचे, राष्ट्रीय पुरस्कार चित्रपटाला. तिकीटबारीवर प्रेक्षक आला नाही आणि तसं काम त्यांना पुन्हा फारसं मिळालं नाही. खंत वाटते ती इथे. हिंदीतल्या पैशाला नकार देणं कुणाही संसारी माणसाला कठीण आहे, पण ‘विदूषक’च्या वाटेवर आणखी दोन-तीन पावलं पडायला हवी होती. २००४ मध्ये ते गेले तेव्हा जेमतेम पन्नाशीचे होते.

आज नवं काम घेताना हातचं सांभाळण्याचा हाच प्रसंग नाटकातल्या तरुण नटापुढे दैनंदिन मालिकेच्या रूपाने येतो. चित्रीकरण रोज बारा-बारा तास चालतं, मानधन दिवसावर ठरतं आणि पैसे बहुधा महिन्यांनी हातात पडतात. त्याच नटाचे शनिवार-रविवारचे प्रयोग महिनाभर आधी जाहिरातीत लागलेले असतात. ‘प्रयोगांचं बघू, सांभाळून घेऊ’ असं निर्मितीवाले तोंडी म्हणतात आणि म्हणताना ते प्रामाणिकही असतात. पण आधी चित्रित करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपली की रविवारचंही शूट लागतं आणि तेव्हा कागदावर जे असेल तेवढंच चालतं. प्रयोगाच्या तारखांसाठी किती वाजता सोडणार, महिन्याचे किमान किती दिवस काम देणार, दुसरं काम करायला कुणाची परवानगी लागणार आणि मालिका मध्येच बंद पडली तर उरलेल्या पैशाचं काय, ही चार कलमं सहीआधी लिहून घेता येतात. नाटकाच्या निर्मात्यालाही ती आधी दाखवता येतात, म्हणजे त्याला बदली नट तयार ठेवायला वेळ मिळतो.

तुझा,
मामा