डबीवरचे ४००

फिल्मच्या डबीवर छापलेला ४०० हा आकडा खरा असतो, पण तो प्रयोगशाळेतला. ठरावीक प्रकाश, ठरावीक डेव्हलपर, ठरावीक तापमान. माझ्याकडे येईपर्यंत त्यात माझ्या कॅमेऱ्याचं शटर, माझा लाइट मीटर, टँक हलवण्याची माझी सवय आणि बंगळुरूच्या नळाचं पाणी येऊन मिसळतं. म्हणून नवी फिल्म हाती आली की तिचा पहिला रोल मी चाचणीसाठी राखून ठेवते.

इंदिरानगरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. २०११ साली बंगळुरूची पहिली मेट्रो बैयप्पनहळ्ळीहून एम. जी. रोडपर्यंत धावली, ती इथल्या सीएमएच रोडवरूनच. मेट्रोच्या पुलाचा खांब मला चाचणीसाठी फार आवडतो. काँक्रीट एकच, पण काही भाग उन्हात आणि काही पुलाच्या सावलीत. बंगळुरू विषुववृत्तापासून जेमतेम तेरा अंशांवर. एप्रिलअखेर आणि ऑगस्टच्या मध्यावर भर दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो. तेव्हा पुलाखालची सावली फार गडद पडते. ऊन आणि सावली यांत तीन-चार स्टॉपचं अंतर सहज मिळतं.

कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स ५० मिलिमीटरची, अॅपर्चर एफ-८. मीटर उन्हातल्या काँक्रीटवर धरायचा आणि तीच फ्रेम फिल्मचा वेग ८००, ४००, २०० धरून घ्यायची. बदलायचं ते फक्त शटर. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर फरक कशामुळे पडला हे कळायला मार्ग उरत नाही.

दोन फिल्म ताडून पाहतानाही हीच शिस्त लागते, पण ती समजून पाळावी लागते. डी-७६ हे डेव्हलपर पाण्यात निम्मं-निम्मं करून २० अंशांवर वापरलं, तर ट्राय-एक्सला उत्पादक पावणेदहा मिनिटं सांगतात आणि एचपी-५ प्लसला ११. दोघींना सारखाच वेळ दिला तर तुलना वरवर सारखी दिसते, पण एकीवर अन्याय होतो. आपल्याकडे नळाचं पाणी २० अंशांच्या वरच असतं, म्हणून मी परातीत बर्फ घालून डेव्हलपरची बाटली त्यात ठेवते आणि थर्मामीटरचा पारा खाली येईपर्यंत थांबते.

निकाल लाइट टेबलवर, लूप डोळ्याला लावून वाचायचा. ८०० वर खांबाचा सावलीतला भाग जवळजवळ कोरी, पारदर्शक फिल्म असतो. ४०० वर शटरिंगच्या फळ्यांची एखादी पुसट रेघ दिसते. २०० वर फळ्यांचे सांधे आणि पावसाच्या पाण्याचे ओघळसुद्धा वाचता येतात, आणि उन्हातला भाग दाट होऊनही त्यातला तपशील शाबूत राहतो. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास झोन सिस्टिममध्ये मांडलेलं सूत्र इथे डोळ्यांनी दिसतं: सावली एक्स्पोजरने जपायची, उजेड डेव्हलपिंगने आवरायचा. एक्स्पोजर देताना जे फिल्मवर आलंच नाही, ते डेव्हलपर आणून देत नाही.

कोणती फिल्म चांगली, असं लोक विचारतात. टी-मॅक्ससारख्या चपट्या कणांच्या फिल्मचा दाणा बारीक, पण वेळ-तापमानातली ढिलाई ती कमी खपवून घेते. ट्राय-एक्सचा दाणा ठळक, पण ती बरंच सांभाळून घेते. आपलं काम आणि आपला हात पाहून निवड करावी.

उटीला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म बाजारात मिळायची, ते दिवस गेले. आता रोल परदेशातून येतो आणि महाग पडतो. मग अख्खा रोल खांबावर घालवणं जिवावर येतं. पण न तपासलेल्या फिल्मवर लग्न किंवा प्रवास टिपणं त्याहून महाग पडतं.

चाचणीला शेवटही असावा. आकडा वहीत लिहिला की डेव्हलपर, मीटर किंवा फिल्म बदलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हिशेब आधीच झालेला असला की रस्त्यात समोर आलेल्या माणसाकडे पाहायला सगळं लक्ष मोकळं राहतं. चाचणी करायची ती एवढ्यासाठी.