पताका पांढरी कशी?



कॅमेरा हा काही आपल्या संप्रदायाचा विषय नव्हे. पण गेल्या आषाढीला एका नारिंगी काचेने आमच्या घरात जे घडवले ते तुमच्यापुढे ठेवावेसे वाटते. कीर्तनात दृष्टांत ऐकता, तसाच हा ऐका.

आमचे आप्पा मूळचे सातारा जिल्ह्यातले. वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून पाठीवर गोण्या वाहिल्या आणि दर आषाढीला खांद्यावर पताका. कोपरखैरण्याला राहायला आल्यापासून त्यांची वारी चुकली नव्हती. गेल्या वर्षी मात्र गुडघ्यांनी नकार दिला. डोळ्यांत मोतीबिंदूही होता, पण ऑपरेशनचे नाव काढले की म्हणायचे, "दिसतंय की मला सगळं."

घरात आणखी एक कुरबुर होती, ती धोतराची. "सूनबाई, धोतर पिवळं ऱ्हातंय," हे रोजचे पालुपद. ती बिचारी पुन्हा धुवायची, नीळ घालायची. धोतर पिवळेच! मी तिला म्हणायचो, "म्हातारपण आहे, लक्ष देऊ नकोस." एवढे बोलून मी माझ्यापुरता मोकळा झालो होतो.

एकादशीला आमच्या भागातून विठ्ठल मंदिराकडे दिंडी निघते. आप्पांना गॅलरीतही फार वेळ बसवत नव्हते. मोबाइलमधला फोटो त्यांना फोटो वाटतच नाही. तो हातात धरता आला पाहिजे. म्हणून मी जुना पोलरॉइड कॅमेरा काढला. एडविन लँड यांनी १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा दाखवलेली ही किमया : फोटो काढायचा आणि तिथेच हातात घ्यायचा. माझ्याजवळ काळ्या-पांढऱ्या फिल्मचे एकच पाकीट होते. त्यात फक्त आठ फोटो.

पहिला फोटो पताका घेऊन उभ्या असलेल्या एका माउलींचा काढला. मागे हिरवागार पिंपळ. फोटो उमटला तर पताका गायब! होती, पण पानांत मिसळून गेली होती. काळ्या-पांढऱ्या फिल्मला रंग कळत नाही, उजेड किती एवढेच कळते. भगव्याचा आणि हिरव्याचा उजेड सारखाच पडला, की दोघांचा एकच राखाडी होतो.

यावर उपाय म्हणजे रंगीत काच, म्हणजेच फिल्टर. नारिंगी काच नारिंगी-तांबडा उजेड आत सोडते, निळा अडवते आणि हिरवाही बराचसा अडवते. त्यामुळे भगवे उजळते, पाने काळोखी होतात. आकाश निळे असते तर तेही गडद झाले असते. पण आषाढातल्या ढगांत सगळेच रंग असतात, त्यांच्यावर काचेचे काही चालत नाही. म्हणून पताकेमागे ढग न घेता पिंपळच घेतला.

काच भिंगापुढे धरून दुसरा फोटो काढला. तो जवळजवळ काळाच आला. चूक माझीच. या कॅमेऱ्याला भिंगाशेजारी एक बारीक डोळा असतो. उजेड किती घ्यायचा ते तो ठरवतो. त्याच्यापुढे काच नव्हती, म्हणून भिंगाचा उजेड कमी झालाय हे त्याला कळलेच नाही. पिवळ्या काचेला साधारण दुप्पट उजेड द्यावा लागतो, नारिंगीला चौपट, तांबडीला आठपट. मग काच भिंग आणि तो डोळा या दोहोंपुढे धरली आणि श्वास रोखून तिसरा फोटो घेतला. उजेड जास्त वेळ घ्यावा लागल्याने पावली खेळणारी मंडळी पुसट झाली, पण स्थिर उभ्या माउलींची पताका पिंपळावर लख्ख उमटली.

फोटो उजेड लागू नये म्हणून झोळीत पालथा ठेवला. घरी येईतो तो पुरता उमटला होता. आप्पांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"पताका पांढरी कशी रं केलीस?"

मी काच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्याला लावून खिडकीतली तुळस पाहिली. ती काळपट दिसली. मग देव्हाऱ्याजवळची पताका पाहिली, बराच वेळ पाहिली. काच खाली घेत म्हणाले, "जरा वेळानं काच हाय ते ध्यानातच ऱ्हात न्हाई." थोडे थांबून विचारले, "मोतीबिंदू बी असाच असतो का रं?"

मला उत्तर आले नाही. पुढच्या आठवड्यात ते स्वतःच दवाखान्यात चला म्हणाले आणि डॉक्टरांना हेच विचारले. डॉक्टर म्हणाले, "अगदी असाच." डोळ्यातले भिंग वर्षानुवर्षे पिवळसर होत जाते आणि निळा उजेड अडवते. हे इतके हळूहळू होते की ज्याचे त्याला कळत नाही. माउली, आमच्या घरातली नीळ कुठे जात होती ते मला तेव्हा कळले!

एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर आप्पांनी धोतर मागितले. एक डोळा झाकून पाहिले, मग दुसरा झाकून पाहिले. एकाने पांढरे, एकाने पिवळे. सूनबाईला हाक मारली आणि म्हणाले, "पोरी, डाग माझ्या डोळ्यात व्हता."

ती काही बोलली नाही, पदराने डोळे पुसले. खाली मान मला घालावी लागली. दोन वर्षे ती सांगत होती की धोतर स्वच्छ आहे आणि मी एकदाही ते हातात घेऊन पाहिले नव्हते. आप्पांच्या डोळ्यात मोतीबिंदू होता. माझे डोळे तर चांगले होते.

माउली, काच फोटोत काही भर घालत नाही. ती काही अडवते, म्हणून काही उजळते. गळ्यातली माळ, एकादशी, नेमाचा हरिपाठ याही आपण जाणून लावलेल्या काचाच आहेत. त्या लावल्या की वेळ जास्त द्यावा लागतो, तो आनंदाने द्यावा. पण नकळत बसलेली काच वेगळी. ती आपल्याच माणसाचे धुतलेले मन मळके दाखवते. पुढच्या वेळी कुणाचे काही पिवळे दिसले, तर नीळ मागण्याआधी एकदा आपला डोळा तपासून पाहा.

तो फोटो आता देव्हाऱ्याशेजारी आहे. पताका पांढरीच आहे. आप्पा आता त्याबद्दल काही म्हणत नाहीत.

राम कृष्ण हरी!