"आराम करा" म्हणजे नेमके काय?

पावसाळा सुरू झाला की रत्नागिरीत जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि घसरून पडलेले पेशंट वाढतात. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये सत्तरी उलटलेल्या एक आजी न्हाणीघराच्या पायरीवरून अशाच पडल्या. एक्स-रेमध्ये जांघेजवळचे, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्यातले पुढचे हाड मोडलेले दिसले. हाड सरकलेले नव्हते. ऑपरेशनची गरज नव्हती. "आराम करू दे त्यांना," असे मुलाला सांगून मी पुढच्या पेशंटकडे वळलो.

घरच्यांनी माझा शब्द मनापासून पाळला. तीन आठवडे आजींना साधे उठून बसूही दिले नाही. परत आल्या तेव्हा हाड नीट जुळत होते. पण मांड्या बारीक झाल्या होत्या, टाच लाल पडली होती आणि उभे करताच चक्कर येत होती. "डॉक्टर, आता मी अशीच का?" त्यांनी विचारले. चूक घरच्यांची नव्हती. आराम म्हणजे काय, हे मीच समजावले नव्हते.

उतारवयात असे न सरकलेले फ्रॅक्चर बहुधा आपोआप जुळते. पण पडून राहिल्याने स्नायूंची ताकद झपाट्याने कमी होते. शिवाय पायात रक्ताची गुठळी, अंगावर जखमा, छातीत कफ असे धोके वाढतात. म्हणून वेदना आटोक्यात ठेवून लवकर हालचाल सुरू करणे हाच उपचार.

आमच्या फिजिओथेरपिस्टनी सुरुवात पलंगावरच केली. पावले वर-खाली हलवणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे. मग पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणे, आणि नंतर वॉकर. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उकिडवे बसणे बंद, संडासात कमोडची खुर्ची.

एक सावधगिरी: झाडावरून पडून किंवा गाडीच्या अपघातात हाडांचे कडे अस्थिर झाले असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे बऱ्याचदा ऑपरेशन लागते आणि सहसा 6 ते 12 आठवडे त्या पायावर पूर्ण भार देता येत नाही. सर्जननी सांगितल्याशिवाय पाय टेकू नका. पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर तातडीने दवाखाना गाठा.

गणपतीत आजी वॉकर घेऊन मखरापर्यंत गेल्या आणि खुर्चीत बसून मोदक वळले. मुलाने न्हाणीघराला धरायला दांडा बसवला. साध्या पडण्याने हाड मोडले, म्हणून आम्ही हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी करून औषधही सुरू केले.

आता मी केसपेपरवर नुसते "आराम" लिहीत नाही. कधी बसायचे, कधी उभे राहायचे, किती पावले चालायचे, तेही लिहितो. तुमच्या डॉक्टरांनी सांगितले नसेल, तर जरूर विचारा.