होगेवेक : सवयींचा मान राखणारी वसाहत

अ‍ॅमस्टरडॅमहून आगगाडीने निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत व्हेख्त नदीकाठचे वेस्प हे टुमदार नगर लागते. तेथील ‘होगेवेक’ ही वसाहत पाहण्यास देशोदेशीचे लोक येतात. चौक, बागा, किराणा दुकान, उपाहारगृह, नाट्यगृह, केशकर्तनालय असे सारे एखाद्या साध्या डच गावासारखे. मात्र येथील रहिवासी म्हणजे तीव्र स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध. बाहेर पडण्याचा मार्ग एकच आणि तेथे सदैव देखरेख असल्याने आतील रस्त्यांवर ते मोकळेपणाने हिंडतात.

पूर्वी या जागी रुग्णालयासारखे शुश्रूषागृह होते. आपल्या आईवडिलांनी येथे राहावे असे आपल्याला वाटेल का, हा प्रश्न १९९३ च्या सुमारास तेथील कर्मचाऱ्यांनाच पडला. त्या विचारातून २००९ साली ही वसाहत उभी राहिली. एका घरात सहा-सात जण राहतात. आरंभी राहणीनुसार घरांचे सात प्रकार होते. इंडोनेशियाशी ज्यांचे आयुष्य जोडलेले होते, त्यांच्यासाठी तेथील चवीचे जेवण शिजे. कारागिरांचे घर निराळे, कलासक्तांचे निराळे. सेवक गणवेश घालत नाहीत. किराणा वसाहतीतल्याच दुकानातून येतो आणि स्वयंपाक घरोघरी होतो, त्यामुळे फोडणीचा वास रहिवाशांपर्यंत पोहोचतो.

माणूस नावे विसरतो, तरी अंगवळणी पडलेली रीत बराच काळ टिकते. जैन वृद्धांच्या बाबतीत तर ती केवळ आवड नसून व्रत असते. पन्नास वर्षे सूर्यास्तापूर्वी जेवलेल्या आजींपुढे संस्थेच्या वेळापत्रकाप्रमाणे रात्री आठला ताट आले, तर त्या ते दूर सारतील. ‘जेवत नाहीत’ एवढीच नोंद होईल. कारण कोणालाच कळणार नाही.

म्हणून वृद्धांना शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ आली, तर औषधांच्या यादीसोबत सवयींचीही यादी द्यावी : उठण्याची वेळ, चहा स्नानाआधी की नंतर, कंदमूळ वर्ज्य, पाणी गाळून उकळलेले, सामायिकाची वेळ, अंघोळ कोणी घालावी. ही यादी त्यांना सांगता येत असतानाच, त्यांना विचारून करावी. ग्राहकाची आवड पिढ्यान्‌पिढ्या ध्यानात ठेवणाऱ्या व्यापारी घरांना हे अवघड नाही.