छिद्रान्वेषी

छिद्रान्वेषी या शब्दाला मराठीत फारशी प्रतिष्ठा नाही. दुसऱ्याच्या घोंगडीतली भोके मोजत बसणारा तो छिद्रान्वेषी. हा शब्द समीक्षकाला लावतात, सासूला लावतात, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हां प्राध्यापकांना तर तो पदवीसारखा चिकटलेलाच असतो. मी मात्र गेले वर्षभर अक्षरशः छिद्राचे अन्वेषण करीत होतो. एका लाकडी पेटीला भोक कोठे पाडावे, एवढाच प्रश्न. पण त्याने मला जालन्याहून थेट मिरजेपर्यंत फिरवले.

ही पेटी म्हणजे गिटार. मराठीचा प्राध्यापक, वय सेहेचाळीस, आणि मांडीवर गिटार! आमच्या स्टाफरूममध्ये यावर पुरेसा विनोद होऊन गेला आहे. खरी हकिकत अशी की, लहानपणच्या एका आजारात माझा उजवा कान गेला. तेव्हापासून सारा संसार डाव्या कानावर चालला आहे. वर्गात मी उजवीकडच्या भिंतीला लागून उभा राहतो, म्हणजे सगळे बाक डाव्या कानाच्या हद्दीत येतात. मुलांना वाटते, ही सरांची लकब आहे. तीन वर्षांपूर्वी तो डावा कानही कुरकुरू लागला. डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढे सांभाळा." सांभाळायचे तर कशासाठी, हा प्रश्न मनात आला. त्याच सुमारास मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिची गिटार घरात पडून राहिली. आहे तेवढ्या कानात काहीतरी चांगले भरून घ्यावे म्हणून मी ती उचलली.

उचलल्यावर कळले की गिटार ही फार परोपकारी बाई आहे. तिचे तोंड पुढे. तिचा सूर समोर बसलेल्याकडे जातो. तिला पोटाशी धरणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरलेच येते. धड कानांना त्याने काही बिघडत नाही. माझे मात्र असे होई की, स्वयंपाकघरातून सौभाग्यवती म्हणे, "आज बरे वाजते आहे हं," आणि मला स्वतःला ते कळलेले नसे. कानातले यंत्र लावले तर बोलणे पोचते, पण तारेचा सूर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा ऐकू येतो. तेव्हा ठरवले, भोकाची जागाच बदलायची.

मुळात हे भोक हवे कशाला? रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते. बाटलीतली हवा स्प्रिंगसारखी दबते, सुटते आणि तोंडाशी आतबाहेर करते. गिटारीच्या पोटातली हवा तेच करते, आणि खालच्या सुरांना जो भरीवपणा येतो तो पुष्कळसा तिच्यामुळे. तोंड मोठे केले तर हवेचा हा सूर चढतो, लहान केले तर उतरतो. म्हणजे जुने भोक तसेच ठेवून बाजूला दुसरे पाडणे हा धर्म नव्हे. एकूण उघडीप तेवढीच ठेवून तिची वाटणी करायला हवी.

शिवाय भोक गोलच असावे, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? १९२२ साली अमेरिकेत गिब्सनच्या गिटारीला व्हायोलिनसारख्या दोन वळणदार चिरा आल्या. १९३२ साली पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी माक्काफेरी या इटालियन कारागिराने इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे भोक पाडले. पुढे हेलिकॉप्टर बनवणाऱ्या एका गृहस्थाच्या कारखान्यात भोकांची चाळण करून ती गिटारीच्या खांद्यावर बसवली गेली. आणि २०१५ साली एम.आय.टी.च्या संशोधकांनी दाखवून दिले की, व्हायोलिनच्या पूर्वजांचे गोल भोक शतकानुशतके लांबट होत गेले त्यात अर्थ होता. हवा जोराने वाहते ती भोकाच्या कडेने. मधला भाग बराचसा सुस्तच असतो. म्हणून महत्त्व क्षेत्रफळापेक्षा काठाला अधिक. हिशेब करून पाहा. साडेआठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५७ चौरस सेंटिमीटर आणि काठ २७ सेंटिमीटर. तेवढेच क्षेत्रफळ दोन सेंटिमीटर रुंदीच्या चिरेत बसवले, तर काठ भरतो ६१! आपल्या गोंधळ्याचे तुणतुणे तर याहून मोकळ्या मनाचे. बुडाला कातडे आणि वरचे तोंड सगळेच उघडे.

मिरजेला गेलो तो पुढच्या फळीसाठी तुणाचे लाकूड शोधायला. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातील फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यांचा पाया घातला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. गल्लीत शिरलो तर दारोदार भोपळे वाळत टांगलेले. एका वृद्ध कारागिरापुढे माझा कागद उलगडला. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला आणि विचारले, "भोक पाहिजेच कशाला? आमच्या तंबोऱ्याला कुठे आहे?"

मी गप्प झालो. खरेच, मिरजेच्या तंबोऱ्याची तबली अखंड असते. दक्षिणेच्या वीणेला नक्षीत लपलेली बारीक छिद्रे असतात. याला तीही नाहीत. तरी तो गवयाच्या कानाशी उभा राहून खोली भरून टाकतो. कारागीर म्हणाले, "याची तबली बोलते, भोपळा बोलतो. आणि हा बोलतो तो गाणाऱ्यासाठी. ऐकणाऱ्यांचे नंतर." घोडीवरच्या तारेखाली सुताचा धागा सरकवून त्यांनी जवारी लावली आणि तंबोरा माझ्या डाव्या कानाशी धरला. कोणता कान चालतो हे मी त्यांना सांगितले नव्हते. माझे मान वळवणे त्यांनी पाहिले असावे. तुणाची फळी घेऊन परतलो, पण खरे सामान ते वाक्य होते.

जालन्यात ओळखीचे एक मिस्त्री आहेत. दारे, खिडक्या, दिवाण करतात. त्यांनी नकाशा पाहून डोके खाजवले. "सर, गिटारीची खिडकी पुढं असती. तुम्ही बाजूनं कशाला पाडायलात?" मी म्हणालो, "मला ऐकू यावे म्हणून." त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही.

शिसवीच्या पातळ पट्ट्या भिजवून तापल्या नळीवर वाकवल्या. लोखंडाच्या या गावात नळीला काय तोटा! पुढची फळी रंधून अडीच-तीन मिलिमीटरवर आणली. सत्तावन्न चौरस सेंटिमीटरांपैकी पस्तीस पुढच्या खांद्यावर, चंद्रकोरीसारख्या चिरेत दिले. चिरेने फळी कमजोर होऊ नये म्हणून आतून बारीक पट्ट्या चिकटवल्या. उरलेले बावीस, मांडीवर घेतल्यावर जी कड वर पाहते तिथे, मानेजवळ, डाव्या कानाच्या रोखाने लंबगोल कापले. त्या कापण्याच्या वेळी मिस्त्रींनी करवत बंद केली आणि हाताच्या कानशीने सबंध दुपार घालवली. दारा-खिडक्यांना त्यांनी एवढा वेळ कधी दिला नसेल.

तारा चढल्या. खालची जाड तार छेडली आणि तो सूर बाजूच्या उघडीपीतून वर आला, ओल्या मातीचा वास यावा तसा. फार मोठा नव्हता. सौभाग्यवतीने समोर बसून निकाल दिला, "जुनीपेक्षा जरा बारीक वाटते." तिचे खरे होते; तिच्या वाटणीतले बावीस मी काढून घेतले होते. पंचवीस वर्षे बाकांकडे तोंड करून बोललो. माझ्या तोंडून निघालेले मला किती ऐकू आले, हे कोणी विचारले नाही आणि मीही विचारले नाही. म्हणून या बावीस चौरस सेंटिमीटरांबद्दल मला संकोच वाटत नाही. डावा कान आणखी किती वर्षे साथ देईल, ते डॉक्टरही सांगत नाहीत. आहे तोवर रोज रात्री अर्धा तास त्याचा.

वार्निश वाळल्यावर गिटार आणायला गेलो, तेव्हा दुकानात यंत्रे बंद होती आणि मिस्त्री स्टुलावर बसून, बाजूच्या भोकाला कान लावून एकच तार पुनःपुन्हा छेडीत होते. यंत्राच्या करवतीजवळ तीस वर्षे काढलेला माणूस! मी दोनदा हाक मारली. त्यांना ती ऐकू आली नाही. शेवटी वर पाहून म्हणाले, "सर, आजची रात्र राहू द्या हिला इथंच."

मी तसाच रिकाम्या हाताने घरी आलो.